घरी शिकलेल्यांची पात्रता

शासकीय मराठीत 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द आता इतके रुळले आहेत की त्यांच्या पूर्वायुष्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. धर्मशास्त्रात हा शब्द दानाच्या चर्चेत येतो. केवळ विद्येने किंवा केवळ तपाने पात्रता येत नाही, या दोहोंना आचरणाची जोड जेथे असेल ते खरे पात्र, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. म्हणजे घेणारा कोण आहे हे दात्याने जाणून घ्यावे, त्याची पारख करावी, अशी अपेक्षा त्या शब्दात गृहीत आहे. आजचा सर्वांत मोठा दाता शासन हा आहे. लक्षावधी अर्जदारांपैकी प्रत्येकाला जाणून घेणे त्याला शक्य नाही आणि तशी अपेक्षा करणेही योग्य होणार नाही. म्हणून तो कागद पाहतो. शिक्षणासाठी मदत मागणाऱ्याच्या हातात हा कागद बहुधा शाळेने दिलेला असतो. ज्याला शाळा नव्हती, जो घरीच शिकला, त्याने कोणता कागद दाखवावा, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याचा विचार करावा, असे मला दोन निरनिराळ्या देशांतील दोन विद्यार्थिनींमुळे वाटू लागले.

पहिली मला अमेरिकेत भेटली. तेथील एका राज्य विद्यापीठात अभ्यागत म्हणून भारतीय साहित्याचा एक प्रास्ताविक वर्ग मी वर्षभर घेत होते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शांता गोखले यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण इंग्रजी अनुवादातून आम्ही वाचीत होतो. लक्ष्मीबाई लग्नानंतर, संसाराच्या धबडग्यात, कधी नवऱ्याच्या लहरीने तर कधी स्वतःच्या जिद्दीने लिहावाचायला शिकल्या, ही गोष्ट वर्गातील बहुतेकांना दूरदेशीची आणि जुन्या काळची वाटली. एका मुलीला मात्र तसे वाटले नाही. ती म्हणाली, "मीही स्वयंपाकघरातल्या टेबलापाशीच शिकले. सतरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेची पायरी चढले नव्हते." शेतावर राहणाऱ्या कुटुंबातील पाच भावंडांत ती थोरली. आईने तिला शिकविले आणि पुढे तिने धाकट्यांना शिकविण्यात आईला हात दिला. वडिलांचे उत्पन्न बेताचे होते. विद्यापीठाचा खर्च संघराज्य सरकारच्या अनुदानातून आणि थोड्या कर्जातून भागत होता.

मला कुतूहल वाटले ते त्या अनुदानाचे. शाळेचा दाखला नसताना ते तिला मिळाले कसे? तिने जे सांगितले ते अगदी साधे होते. अर्जात माध्यमिक शिक्षण कसे पूर्ण केले असा प्रश्न असतो. शाळेचे प्रमाणपत्र, समकक्ष परीक्षा यांच्या बरोबरीने 'घरी शिक्षण' असाही एक पर्याय तेथे असतो. तिने त्यावर खूण केली. आईने चार वर्षांतील विषयांचा आणि गुणांचा तक्ता करून त्याखाली स्वतःची सही केली होती. तो विद्यापीठाने मागितला, तिने दिला, आणि प्रकरण संपले.

मागाहून मी या नियमाचा इतिहास वाचला तेव्हा ध्यानात आले की या साधेपणामागे बरीच भांडणे आहेत. सक्तीच्या शाळेचा पहिला कायदा तेथे मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५२ साली केला. १९१८ साली मिसिसिपीने तसा कायदा केला तेव्हा ही सक्ती सर्व राज्यांत पोचली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनमधील आमिश पंथीयांच्या बाजूने निकाल दिला आणि आठवीनंतर मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही असे ठरविले. त्याच दशकात जॉन होल्ट या शिक्षणविचारकाने शाळेवाचून शिक्षणाचा पुरस्कार सुरू केला आणि १९७७ पासून त्यासाठी एक नियतकालिक चालविले. त्याची दृष्टी मुलाच्या स्वातंत्र्याची होती. त्याच्या पाठोपाठ धार्मिक कारणांसाठी मुलांना घरी ठेवणारे पालक मोठ्या संख्येने आले. परस्परांशी फारसे न पटणारे हे दोन प्रवाह एका मागणीपुरते एकत्र आले, आणि राज्यामागून राज्याने घरच्या शिक्षणाला मान्यता दिली. या मान्यतेची तऱ्हा मात्र एकसारखी नाही. टेक्सासात १९९४ च्या एका निकालाने घरची शाळा ही खाजगी शाळाच ठरली आणि राज्याची देखरेख जवळजवळ संपली. न्यूयॉर्कमध्ये पालकांना दरवर्षी शिक्षणाचा आराखडा द्यावा लागतो आणि दर तिमाहीस अहवाल पाठवावा लागतो.

उच्च शिक्षणासाठी संघराज्याच्या मदतीचा पाया १९६५ च्या कायद्याने घातला. गरजू विद्यार्थ्यांना परत न करावे लागणारे अनुदान १९७२ साली सुरू झाले. सिनेटर क्लेबर्न पेल यांचे नाव त्याला १९८० साली मिळाले. २०२४-२५ या वर्षी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. ते गुणवत्तेवर मिळत नाही, कुटुंबाच्या आर्थिक स्थितीवर मिळते. परंतु अर्जदाराने माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले असले पाहिजे, ही अट आहेच. घरी शिकलेल्यांची अडचण येथेच होती. १९९८ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट कलम आले: राज्याच्या कायद्याप्रमाणे जी घरची शाळा किंवा खाजगी शाळा समजली जाते अशा घरी ज्याने माध्यमिक शिक्षण पूर्ण केले, तो मदतीस पात्र. राज्याने घरी शिकलेल्यांसाठी एखादे प्रमाणपत्र आवश्यक केले असेल तर ते मिळवावे लागते. तसे नसेल तर विद्यार्थ्याने स्वतः दिलेली ग्वाही पुरेशी होते. विश्वासाची तपासणी पुढे होते. विद्यापीठात आल्यानंतर अभ्यासातील प्रगती ठराविक मर्यादेखाली गेली की मदत थांबते, आणि हा नियम शाळेतून आलेल्यांना आणि घरून आलेल्यांना सारखाच लागू आहे.

हे वाचून मला प्रथम कौतुक वाटले. शासन एका आईच्या सहीवर विश्वास ठेवते, ही गोष्ट आपल्याकडील कार्यालयांचा अनुभव असलेल्या माणसाला नवलाचीच वाटणार. पण पुढे वाचताना या कौतुकाला मुरड घालावी लागली. ज्यांनी शाळा मध्येच सोडली, ज्यांच्याजवळ दाखला नाही आणि ज्यांना घरी शिकविणारेही कोणी नव्हते, अशांसाठी तेथे पूर्वी एक निराळी वाट होती. उच्च शिक्षणाचा लाभ घेण्याची आपली क्षमता परीक्षेने सिद्ध केली की त्यांनाही सरकारी मदत मिळे. खर्च कमी करण्याच्या निमित्ताने ही वाट १ जुलै २०१२ पासून नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाली. २०१४ साली ती काही विशिष्ट व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांपुरती पुन्हा उघडली. घरी शिकलेल्यांची पात्रता या साऱ्या काळात अबाधित राहिली. दाखला दोघांजवळही नव्हता. एकाच्या पाठीशी संघटित पालक होते, दुसऱ्याच्या पाठीशी कोणी नव्हते. शासनाचा विश्वास सुद्धा मागावा लागतो, आणि मागणाऱ्याचा आवाज किती मोठा आहे यावर तो बराचसा अवलंबून असतो, असे मला तेव्हा वाटले.

हे सारे आपल्याला परके आहे असे कोणी समजू नये. शाळेबाहेर मिळविलेल्या विद्येला राज्याच्या तिजोरीतून द्रव्य देण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. पेशवाईत श्रावणात पुण्यास जी दक्षिणा वाटली जाई, ती घेणारे बहुतेक सारे गुरूच्या किंवा वडिलांच्या घरी शिकलेले असत. त्यांना कोणी संस्थेचे नाव विचारीत नसे. काय येते ते विचारले जाई आणि त्या मानाने रक्कम ठरे. पारख प्रत्यक्ष विद्येची होती, इतके त्या व्यवस्थेच्या बाजूने म्हणता येईल. पण ती पारख कोणाची करावयाची हे जन्माने आधीच ठरलेले होते. ब्राह्मणेतराला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला त्या मांडवात उभे राहण्याचीही सोय नव्हती. पुढे इंग्रजी अमलात या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळविण्यात आला. तोही सहजासहजी वळला नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

या दृष्टीने १८८२ हे साल मला फार महत्त्वाचे वाटते. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाचे काम त्या वर्षी चालू होते. सरकारी द्रव्य कोणत्या शिक्षणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यावे, हाच त्याच्या विचाराचा गाभा होता. या आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. रमाबाईंनी कोणत्या शाळेत शिक्षण घेतले होते? कोणत्याच नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या आईने मुलीला शिकविले. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यामुळे घरच्या विद्येला एक सार्वजनिक नाव मिळाले. स्त्रियांच्या शिक्षणासाठी स्त्री-शिक्षक तयार करावेत आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, असे आयोगाला सांगणारी ही स्त्री स्वतः कोणत्याही अनुदानित संस्थेच्या पटावर कधी नव्हती. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध पुण्यात छापून निघाला. ताराबाईही वडिलांपाशी घरीच शिकलेल्या.

आणि त्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुले यांनी आयोगाला आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीची मागणी आणि रयतेच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो ही तक्रार, या दोन मुद्द्यांसाठी ते निवेदन आपण वाचतो आणि शिकवितो. त्यातील आणखी दोन गोष्टींकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. पहिली शिष्यवृत्त्यांविषयीची. केवळ चुरशीने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी ज्या वर्गांत शिक्षण अद्याप पोचलेच नाही त्यांना त्याचा उपयोग होत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या त्या वर्गांसाठी ठेवाव्यात, असे जोतीरावांनी सुचविले. दुसरी गोष्ट प्रस्तुत विषयाशी थेट जुळणारी आहे. मुंबई विद्यापीठाने खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेस बसू दिले होते. या सवलतीचे त्यांनी स्वागत केले आणि बी.ए., एम.ए. या वरच्या परीक्षांनाही ती लागू करावी, म्हणजे अनेक तरुण खाजगीरीत्या अभ्यास करू लागतील, अशी मागणी केली. शाळा काढण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांनीच शाळेबाहेरच्या अभ्यासाला मान्यता मागितली, यात विसंगती नाही. ज्याला शाळा मिळत नाही त्याला शाळा द्या. ती मिळेपर्यंत तो अन्य मार्गाने शिकला असेल तर त्याचे शिकणे नाकारू नका. सावित्रीबाईंना घरी अक्षरे शिकविणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागले नसेल.

आयोगानेही घरच्या शिक्षणाचा विचार केला होता. पडद्यातील स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन शिकविण्याचा, ज्याला तेव्हा 'जनाना शिक्षण' म्हणत त्याचा, खर्च सार्वजनिक निधीवर टाकणे योग्य आहे, अशी शिफारस त्याने केली. अट एवढीच होती की त्या शिक्षणाची तपासणी निरीक्षिकेकडून किंवा अन्य स्त्रीकडून होऊ शकावी. म्हणजे मुलगी शाळेत येऊ शकत नसेल तर तपासणारी व्यक्ती तिच्या घरी जाईल, ही कल्पना या देशात सरकारी कागदावर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी उमटलेली आहे.

दुसरी विद्यार्थिनी मला इकडे, ज्या केंद्रीय विद्यापीठात मी सध्या शिकविते आहे तेथे भेटली. ती बीड जिल्ह्यातील. आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, कारखान्याच्या भागात कोप्या घालायच्या आणि हंगाम संपला की गावी परतायचे. धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी तिलाही बरोबर नेत. सातवीपर्यंत शाळा कशीबशी तगली, मग सुटली. कोपीत तिची एक चुलत वहिनी होती. वहिनी बारावी झालेली होती. दिवसभर कोयता चालवून आल्यावर, भाकरी झाल्या की ती या मुलीला घेऊन बसे. अशा चार हंगामांनंतर मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरला, खाजगी विद्यार्थिनी म्हणून दहावी दिली आणि ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. पुढचे शिक्षण तिने महाविद्यालयात राहून केले. आमच्याकडे ती तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला आली तेव्हा प्रवेश परीक्षेत तिचा क्रमांक वरचा होता.

अडचण शिष्यवृत्तीच्या अर्जात आली. अर्जात दहावीच्या शाळेचे नाव, तेथील उपस्थितीचा कालावधी आणि मुख्याध्यापकाचा शिक्का हवा होता. खाजगी विद्यार्थ्याला मंडळ एक संपर्क केंद्र नेमून देते. ते एका शाळेत असते, पण विद्यार्थी त्या शाळेचा नसतो. तिने प्रामाणिकपणे 'खाजगी' असे लिहिले. अर्ज 'अपूर्ण' असा शेरा होऊन परत आला. दुसऱ्या वेळी तिने संपर्क केंद्राचे नाव लिहिले, तर उपस्थितीचा पुरावा मागितला गेला. ती माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, मी शिकले हे त्यांना मान्य आहे. कुठे शिकले ते मान्य नाही. कोपीचा पत्ता काय लिहू? दर वर्षी ती दुसरीकडे असायची."

संबंधित कार्यालयातील गृहस्थ सज्जन होते. त्यांनी मला बसवून घेतले, चहा दिला आणि रकाना कोरा ठेवून अर्ज पुढे पाठविता येत नाही हे समजावून सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अर्ज ज्याने तयार केला त्याच्या डोळ्यांसमोर एक विद्यार्थी होता, आणि तो विद्यार्थी रोज सकाळी दप्तर घेऊन एका इमारतीत जात होता. आपल्या बऱ्याच योजनांच्या मुळाशी हेच चित्र आहे. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००८ साली सुरू झालेली आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती घ्या. तिची रक्कम २०१७ पासून वर्षाला १२,००० रुपये झाली. ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. आठवीच्या वयाची ही मुलगी उसाच्या फडात होती. ती दुर्बल घटकातील होती आणि गुणीही होती, पण त्या परीक्षेला बसण्यासाठी लागणारा शाळेचा पट तिच्याजवळ नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शासनाचा पैसा शाळेच्या वाटेनेच मुलापर्यंत जातो. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे असे तो कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु मध्यंतरीच्या काळात जे शिकणे झाले, त्याची नोंद करण्याची जागा कोठे नाही.

तीन महिन्यांनी प्रश्न सुटला तो संपर्क केंद्राच्या मुख्याध्यापकांमुळे. त्यांनी आपल्या शाळेच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्या: ही विद्यार्थिनी अमुक वर्षी आमच्या केंद्रातून खाजगीरीत्या परीक्षेस बसली, तिने प्रात्यक्षिके आणि प्रकल्प येथे सादर केले, ते आम्ही तपासले. कार्यालयाने ते पत्र उपस्थितीच्या पुराव्याऐवजी स्वीकारले. रक्कम आली. त्या तीन महिन्यांत तिने वसतिगृहाचे पैसे भरण्यासाठी वहिनीकडून उसने घेतले होते, आणि वहिनीने ते पुढच्या हंगामाच्या उचलीतून दिले होते. हे तिने मला पैसे फेडल्यानंतर सांगितले.

घरच्या शिक्षणावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे माझे म्हणणे नाही. आपल्या समाजात 'घरीच शिकते' या शब्दांआड मुलीचे शिक्षण बंद पडू शकते, तिचे लग्न ठरू शकते, मुलगा कामाला जुंपला जाऊ शकतो. अमेरिकेतील आईची सही येथे जशीच्या तशी चालविली तर तिचा पहिला गैरफायदा दुर्बल मुलांच्या विरुद्ध घेतला जाईल. म्हणून तपासणी हवी. पण ती कशाची, हे ठरले पाहिजे. दक्षिणेच्या मांडवात विद्येची परीक्षा होत होती आणि माणसे जन्माने बाहेर ठेवली जात होती. आज जन्माची अट कायद्याने गेली आहे आणि काही वर्गांना शिष्यवृत्त्या राखून ठेवण्याची जोतीरावांची सूचनाही मोठ्या प्रमाणात अमलात आली आहे. अशा वेळी विद्येच्या परीक्षेऐवजी इमारतीतील उपस्थिती तपासणे हा उलटा प्रवास आहे. अर्जात एक रकाना वाढवावा. त्यात विद्यार्थ्याने आपण शाळेबाहेर कसे शिकलो ते लिहावे. मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला दुसरा पुरावा मागू नये. जेथे शंका येईल तेथे जवळच्या शाळेतील शिक्षकाने त्या विद्यार्थ्याशी बोलावे आणि आपले मत लिहून द्यावे. संपर्क केंद्राच्या मुख्याध्यापकांनी जे स्वतःच्या सद्बुद्धीने केले, ते नियमाने करता येण्यासारखे आहे.

भारतीय साहित्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हा विषय आपला मानावा यासाठी मला दूर जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळक, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई यांना आपण अभ्यासक्रमात नेमतो. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेवर प्रबंध लिहवून घेतो. रवींद्रनाथांचे बरेचसे शिक्षण घरी झाले हे शांतिनिकेतनविषयी बोलताना अभिमानाने सांगतो. त्याच आपल्या विभागात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जावर सही करताना मात्र रकाना भरलेला आहे की नाही एवढेच पाहतो. विभागांना शिष्यवृत्तीचे नियम बदलता येत नाहीत, हे खरे आहे. तरीही शिफारस लिहिता येते, खुलासा जोडता येतो आणि परत आलेला अर्ज घेऊन कार्यालयात जाता येते. आमच्या विभागाने या वर्षीपासून खाजगीरीत्या दहावी-बारावी झालेल्या विद्यार्थ्यांच्या अर्जासोबत विभागाचे एक पत्र जोडण्याचे ठरविले आहे. त्याचा मसुदा त्या विद्यार्थिनीने केला. त्यात तिने शिकविणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी एक ओळ सोडली आहे. अधिकृतदृष्ट्या तिची गरज नाही, ती काढून टाकावी, असे एका सहकाऱ्यांचे मत पडले. बैठकीत थोडी चर्चा झाली आणि ती ओळ ठेवण्यात आली.